काल बाळाने काय खाल्लं

देउराली, साउन २८

सूनबाई,

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. चूल पेटवायला घेशील म्हणावं, तर तुझ्याकडे गॅस आहे असं मिलन सांगतो, म्हणजे तोही उपयोग नाही. तेव्हा वाचच.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मी तुला बोलू देणार नाही, असं तुझ्या नवऱ्याचं म्हणणं. स्वतः कतारच्या उन्हात बसलाय आणि आईला शहाणपण शिकवतोय. पण त्याचं एक खरं आहे. पत्रात तुला मध्येच उठून जाता येत नाही, आणि तू लिहिलंस तर मला मध्ये तोंड घालता येत नाही. हे पत्र टेकबहादुरच्या बसबरोबर पाठवते आहे. बस पोखऱ्याला पोचली की तुझ्या गल्लीतल्या दुकानात ठेवतो म्हणाला. उत्तर दिलंस तर त्याच दुकानात ठेव. नाही दिलंस तरी मी लिहिणार आहे.

इकडे सगळं बरं. मका खांद्याच्या वर गेला. म्हैस व्यायली, पारडी झाली, दूध इतकं की एकटीला संपत नाही. आयुष्माची शाळा चांगली चालली असेल. इथे सगळ्यांना मी तेच सांगितलंय, नातीच्या शाळेसाठी सून पोखऱ्याला राहते म्हणून. तीन वर्षांपूर्वी ती सव्वा वर्षाची होती, तेव्हा कसली शाळा, असं एकदा शेजारच्या जुनमायाने विचारलं. मी म्हटलं, हल्ली लवकर घालतात.

सुयोगच्या पास्नीचा फोटो मिलनने पाठवला होता. बाळ गुटगुटीत आहे. पहिला भात ज्या वाटीतून भरवलात ती स्टीलची दिसली. आपली चांदीची वाटी इथे फडताळात आहे, मिलनची पास्नी त्यातच झाली, त्याच्या बापाचीही. काही म्हणत नाही, फक्त सांगते.

मोठी बातमी पुढे आहे. आरोग्य चौकीवरून निरोप आला की काठमांडूहून एक मुलगी येणार, ती हरिकलादिदींकडे उतरेल. चोवीस वर्षं स्वयंसेविका आहेत, गावातली सगळी पोरं त्यांच्या हातून तोलली गेलीत, त्यांच्याशिवाय कोण. हे शब्द माझे नाहीत, चौकीवरच्या साहेबांचे. मुलगी सर्व्हे करणार नाही म्हणे, सर्व्हेचे प्रश्न तपासणार. दोन वर्षांखालच्या मुलांच्या आयांना विचारायचं, काल बाळाने काय काय खाल्लं. आणि मग विचारायचं, बाई गं, मी तुला काय विचारलं ते तुझ्या शब्दांत सांग. मडकं घेताना टिचकी मारून बघतो तसे प्रश्न वाजवून बघणार. इथे चुकीचं काही निघणार नाही, असं मी साहेबांना सांगून टाकलंय. माझ्या वॉर्डातल्या आयांना झोपेतून उठवलं तरी बरोबर उत्तर देतील.

यंदा दशैंला मोठ्यांनी कपाळी टीका लावायचा दिवस असोज पंचवीसला आहे. तारीख नुसती सांगून ठेवली.

तुझी सासू,
हरिकला


देउराली, भदौ ५

सूनबाई,

मुलगी आली. रेजिना महर्जन नाव, पाटणची, सव्वीस वर्षांची, काटकुळी, पण खाते भरपूर. गुन्द्रुकचं आंबट कालवण तीन वेळा मागून घेतलं. नेवारांची पोर, घरी म्हशीचं मांस खात असणार. मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही, त्यामुळे आमचं छान जमलंय. मला आमा म्हणते. घरात कुणीतरी आमा म्हणून हाक मारली की बरं वाटतं.

तिचं काम कसं चालतं ते सांगते. ओसरीवर चटई घालून दिली. आई बाळ मांडीवर घेऊन बसते, रेजिना फॉर्म वाचते, मी शेजारी. काल सकाळपासून रात्रीपर्यंत बाळाने अमुक खाल्लं का, तमुक खाल्लं का. पहिल्या दिवशी पाच जणी आल्या. पाचीजणींनी धडाधडा सांगितलं: लिटोची खीर, डाळ, हिरवी पालेभाजी, पिवळं फळ, अंडं, मांस. मी मान डोलावत होते. माझ्या चित्रांच्या वहीत हेच आहे ना, पान एक ते पान सहा. माझा ऊर भरून आला.

रेजिना पेन्सिल चावत बसली. म्हणाली, "आमा, पाची बाळांनी काल सहाच्या सहा गोष्टी खाल्ल्या? आणि याच क्रमाने?"

मी म्हटलं, "खातात आमच्याकडे."

"पिवळं फळ कुठलं?"

"पपई."

"पपई पिकलीय कुणाकडे?"

आता भदौमध्ये पपई हिरवी असते हे काठमांडूच्या पोरीला कसं ठाऊक? तिच्या मामाकडे बाग आहे म्हणे.

मग दुर्पता आली. तुला आठवेल, पाण्याच्या धाऱ्याजवळच्या घरातली, तुझ्याच वयाची, आता तिला दहा महिन्यांची मुलगी आहे. तिनेही पान एक ते सहा म्हणून दाखवलं. रेजिनाने विचारलं, "दुर्पता दिदी, मी तुम्हाला काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा बरं." दुर्पता जरा लाजली, ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "मी चांगली आई आहे का, असं विचारलंत."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"आहे म्हणून."

रेजिनाने फॉर्म बाजूला ठेवला आणि दुर्पताच्या लेकीला मांडीवर घेतलं. बराच वेळ तिच्याशीच खेळली.

दुपारी मला म्हणते, "आमा, एक सांगू, राग मानू नका. उद्यापासून तुम्ही आत बसा. नाहीतर शेतात जा. मी आयांशी एकटीच बोलेन."

माझ्या ओसरीवरून, माझ्याच चटईवरून मला उठवते. चोवीस वर्षं ज्या बायकांची बाळंतपणं मी पाहिली त्यांच्याशी ही एकटी बोलणार. उठून चुलीपाशी गेले. डाळीत मीठ मात्र जास्त पडलं. तिने तीही दोनदा घेतली, काय करणार.

हरिकला


देउराली, भदौ ९

सूनबाई,

हे पत्र लिहायचं की नाही यात तीन दिवस गेले.

मला शेतात जायला सांगितलं होतं, मी गेले नाही. मका वाळवायच्या मांडवाच्या मागे विळा घेऊन बसले, हाताशी गवत ठेवलं, कुणी पाहिलं तर कापते आहे असं दिसावं म्हणून. तुझी सासू काय चीज आहे हे तुला नव्याने सांगायला नको.

आधी कोपिला आली. वरच्या वस्तीतली, लग्नाला दोन वर्षं झालेली, सासूच्या धाकातली पोर. रेजिनाने यावेळी पदार्थांची यादी वाचलीच नाही. म्हणाली, "काल बाळ उठलं तिथून सुरू करू या. उठल्यावर काय झालं?" आणि कोपिला बोलत सुटली. उठल्यावर चहात बुडवून बिस्किट. मग ती गवताला गेली, आल्यावर सासू म्हणाली, मऊ भाताचं जाउलो भरवलं. ते आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, ते मी कुठे भरवलं, सासूने भरवलं. मला विचारलं होतं ना. मग दुपारी दिराने दुकानातून चाऊचाऊ शेवयांचं पाकीट आणलं, ते बाळ कोरडंच चघळत बसलं. ते खाणं थोडंच आहे, ते तर खेळणं. संध्याकाळी तिच्या ताटातला बटाटा ओढून खाल्ला. तोही धरायचा नाही, ताट तिचं होतं.

मी मांडवामागे बसून सगळं ऐकत होते. चोवीस वर्षांत मी कधी असं विचारलंच नाही. मी चित्र दाखवायची आणि म्हणायची, द्यायचं काय? त्या म्हणायच्या, अंडं. मी म्हणायची, शाबास.

मग रेजिनाने विचारलं, "हे सगळं तुम्ही परवा का नाही सांगितलंत?"

कोपिला म्हणाली, "परवा दिदी बसल्या होत्या."

"दिदी रागावतात?"

"रागावत नाहीत. पण गेल्या वेळी सर्व्हेवाली बाई आली होती तेव्हा त्यांनी स्वतःच्या सुनेला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. ती अंडं म्हणाली, तर दिदी म्हणाल्या, माझ्या वहीतलं पाठ करून सांगतेय, आमच्या घरात अंडं शिरत नाही. अख्खी ओसरी भरली होती. बिनिता भाउजू खरं बोलत होती हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. जुनमाया दिदीकडे दिवसाआड जायची लेकीला घेऊन. पण बोलायचं कुणी? तेव्हापासून दिदी बसल्या की आम्ही वहीतलंच सांगतो. म्हणजे भांडण नको."

नातीच्या शाळेची गोष्ट मी तीन वर्षं सांगत आले, सूनबाई, आणि गावात एकालाही ती खरी वाटली नव्हती. मी बोलायची, ते ऐकून घ्यायचे. माझ्या तोंडावर सगळे पान एक ते सहा म्हणत होते.

विळा हातात तसाच राहिला. गवत एक काडी कापलं नाही.

आता लिहायला घेतलंच आहे तर पुरतं लिहिते. त्या दिवशी त्या बाईने विचारलं, काल मुलीने अंडं खाल्लं का. तू म्हणालीस, हो, एक. मी हसले आणि तुला खोटं पाडलं. तिने लिहिलेलं खोडलं. त्या संध्याकाळी तू मला आत येऊन सांगितलंस, आमा, तिने खाल्लं होतं, जुनमाया दिदीच्या घरी, ती अशक्त होती म्हणून. मी काय बोलले ते तू विसरली नसशील. मीही नाही. मगर जातीच्या बाईच्या चुलीवरचं अंडं माझ्या नातीच्या तोंडात घालतेस, म्हटलं. तू फक्त एक वाक्य बोललीस, की साऱ्या गावाला अंडं शिकवता आणि स्वतःच्या नातीला नाही. त्यावर मी म्हटलं, मग जा त्या गावात. तू सकाळच्या बसने गेलीस.

मला वाटायचं, तू माझा नेम मोडलास म्हणून मी चिडले. तसं नव्हतं. तू खरं बोललीस, तेही माझ्या वहीच्या भाषेत, आणि ती वही शिकवणारी मीच. मला स्वतःचीच लाज वाटली आणि ती मी तुझ्यावर काढली.

क्षमा माग असं मिलन तीन वर्षं सांगतोय. त्याने सांगितलं म्हणून मागत नाही. माझी चूक होती, सूनबाई. तू खरं सांगत होतीस.

हरिकला


देउराली, भदौ १८

सूनबाई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. टेकबहादुर म्हणतो, दुकानातून पत्रं नेतेस. म्हणजे वाचतेस. निदान चूल पेटवत नाहीस.

मांडवामागे बसले होते ते रेजिनाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "आमा, विळ्याचा आवाजच येत नव्हता," म्हणाली. पण तक्रार केली नाही. उलट म्हणाली, आता तुमचीच मदत हवी. बाळाला भरवतात आज्या, आणि आम्ही विचारतो आयांना. आज्यांनाही विचारून बघायचंय. मग मी वॉर्डातल्या सगळ्या आज्या गोळा केल्या. खोटं सांगत नाही, एवढी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती. कोपिलाच्या सासूने तर कबूल केलं की नातवाला ती रोज चहा पाजते आणि सुनेला सांगत नाही. सून गुपचूप बिस्किट देते आणि सासूला सांगत नाही. दोघींनी एकमेकींपासून लपवून त्या पोराचे दात किडवले. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोघीही हसत होत्या.

शेवटी रेजिनाने फॉर्म माझ्यापुढे धरला. "आमा, आता तुमची पाळी. घरात दोन वर्षांखालचं मूल आहे?"

मी म्हटलं, "आहे. नातू. नऊ महिन्यांचा. पोखऱ्याला असतो."

"काल सकाळी उठल्यापासून त्याने काय खाल्लं?"

सूनबाई, या वॉर्डात दोन वर्षांखालची एकोणीस मुलं आहेत. दुर्पताची लेक सात किलो दोनशे आहे, तिला गाजर आवडतं. कोपिलाच्या मुलाला दूध चालत नाही. मेजरसाहेबांच्या नातीला भात घशात अडकतो. हे सगळं मला तोंडपाठ आहे. आणि माझ्या नातवाने काल काय खाल्लं, ते मला ठाऊक नाही. त्याला दात आलेत का, तेही ठाऊक नाही. फोटोत तोंड बंद होतं.

मी सांगायला तोंड उघडलं आणि लिटो म्हणणार होते. पान एक. मग थांबले. म्हटलं, "मला माहीत नाही."

तिने एका चौकोनात खूण केली. माहीत नाही, असं त्या फॉर्ममध्ये वेगळा चौकोन आहे, तुला ठाऊक होतं? मला नव्हतं. या सगळ्या वर्षांत कुणी तिथे खूण केलेली पाहिली नव्हती. रेजिना म्हणाली, दोन आठवड्यांतलं हे पहिलं. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. मी हात तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी मी जुनमायाच्या घरी गेले. तू गेल्यापासून तिच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. ती उखळाशी होती. म्हणाली, "काय दिदी, वाट चुकलात?" मी म्हटलं, "कोंबड्या द्याल का दोन?" तिने मुसळ खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या सासूबाई आहेत का स्वर्गात, का परत आल्या बघायला?" मी म्हटलं, "असतील तर असू देत. एवढी वर्षं त्यांचं ऐकलं." माझ्या सासूबाईंच्या काळात कोंबडी नुसती ओसरीवर चढली तरी मला शेण घालून सारवावं लागायचं आणि वर अंघोळ. तो नेम मी त्यांच्यापेक्षा कडक चालवला. असो. जुनमायाने दोन दिल्या, एक तांबडी, एक काळी, आणि काही घ्यायला तयार होईना. म्हशीचं दूध रोज पाठवायचं ठरलं, तेव्हा ऐकली.

चूल ओसरीवर वेगळी मांडली. वेगळी कढई. एकदम आत न्यायला मन घेईना, हेही खरं सांगते. पहिलं अंडं उकडलं तेव्हा किती वेळ ठेवायचं ते कळेना. वहीत फक्त चित्र आहे, वेळ लिहिलेली नाही. फुटलं, सगळं पाणी पांढरं झालं. रेजिनाने ते चमच्याने काढून खाल्लं आणि चांगलं झालंय म्हणाली. ही पोर खोटं बोलायला कुठे शिकली कोण जाणे, तिचं तर काम खरं काढायचं.

ती उद्या जाते. जाताना म्हणाली, प्रश्न बदलून घेणार. 'तुम्ही भरवलं का' असं नाही, कुणी का भरवलं असेना, बाळाच्या पोटात काय गेलं असं विचारणार. घासातला घास, दुसऱ्याच्या ताटातला बटाटा, दुकानातलं पाकीट, सगळं धरायचं. आणि मूल उठल्यापासून सुरुवात करायची. आणि स्वयंसेविका शेजारी बसणार नाही, हे मोठ्या अक्षरात लिहिणार आहे. मी म्हटलं, लिही. माझं नाव घालायला हरकत नाही.

या पत्राबरोबर फडक्यात बांधून चांदीची वाटी पाठवते आहे. टेकबहादुरला शपथ घातलीय. तुला हवं ते त्यातून भरव, मी काही विचारणार नाही. जुनमायाकडचं अंडं कुस्करून भरवलंस तरी चालेल, वाटी विटत नाही.

आणि एवढंच सांग. मला त्या चौकोनातली खूण खोडायची आहे. काल सकाळी उठल्यापासून सुयोगने काय काय खाल्लं?

हरिकला


देउराली, असोज १७

सूनबाई,

तुझं पत्र टेकबहादुरने बस थांबवून, खिडकीतून हात काढून दिलं. मागे गाड्यांची रांग लागली होती. मी वाटेतच उघडलं, पाण्याचा धारा येईपर्यंत दोनदा वाचलं, घरी येऊन परत वाचलं. आता समोर ठेवूनच लिहिते आहे.

तू लिहिलंयस: सकाळी माझं दूध. मग लिटो, अर्धी वाटी, तुमच्या वाटीतून. दहाला डाळभात कुस्करून, भोपळ्याचा पाला घालून. आयुष्माच्या हातातलं अर्धं बिस्किट, ते मी दिलं नव्हतं पण त्याने खाल्लं, म्हणून लिहिते. दुपारी अर्धं अंडं, उरलेलं अर्धं आयुष्माने. हे खरं आहे. संध्याकाळी जाउलो, दोनदा थुंकलं. रात्री दूध, किती वेळा ते मोजलं नाही. दात खाली दोन.

इतकंच लिहिलंस. 'हे खरं आहे' याच्याखाली रेघ ओढलीस. मी आधी म्हटलं, रेघेची काय गरज होती. मग म्हटलं, होती. तुझ्या जागी मी असते तर दोन ओढल्या असत्या.

दोनदा थुंकलं ते वाचून मला फार बरं वाटलं. मिलन जाउलो तीनदा थुंकायचा. मीठ कमी घाल आणि थोडं तूप सोड, बघ. हे सांगितलेलं चालेल का? नसेल चालत तर हे वाक्य वाचलंस असं समजू नकोस.

आणि शेवटी तू लिहिलंस, आमा, आता तुम्ही सांगा, काल तुम्ही काय खाल्लं.

वर पानाच्या डोक्यावर जे खोडलंय ते वाचायचा प्रयत्न करू नकोस. तिथे मी लिहिलं होतं, डाळ, भात, हिरवी भाजी, दही, दोन वेळा पोटभर. ते वहीतलं सातवं पान आहे, वयस्कर माणसांचा आहार. मिलनला फोनवर मी तीन वर्षं तेच सांगते आहे. तो म्हणतो, शाबास.

तर उठल्यापासून सुरुवात करते. उठल्यावर चहा. मग म्हशीचं पाहिलं. दहा वाजता आदल्या दिवशीचा मक्याच्या पिठाचा ढिंडो ताकात कालवून. दुपारी चहा, एक भाजलेलं कणीस, अर्धं पारडीला दिलं. जुनमाया मुळ्याचं लोणचं घेऊन आली होती, ते नुसतंच खाल्लं, तिच्या वाटीतलं, पण धरायचं. संध्याकाळी काही नाही. हो, काही नाही. बरी आहे मी, आजारी नाही, दळण आहे, भाजी आहे, सगळं आहे. पण एकटीसाठी दुसऱ्यांदा चूल पेटवायला हात उठत नाही. बहुतेक संध्याकाळी असंच असतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कुणी असं विचारलंही नव्हतं.

आता दुसरं. येणार की नाही ते तू पत्रात लिहिलं नाहीस. पण टेकबहादुरच्या पोटात काही राहत नाही, आणि शपथ मी फक्त वाटीची घातली होती. असोज बावीसला सकाळच्या बसमध्ये खिडकीजवळच्या दोन जागा कुणी तरी धरून ठेवल्या आहेत, एक बाई, एक मुलगी, आणि मांडीवर एक. कोण म्हणून मी विचारलं नाही. त्याने तीनदा सांगितलं.

दशैंचा जमरा पेरलाय, जवाचे कोंब टीक्यापर्यंत वीतभर येतील. तांबडी कोंबडी रोज घालते, काळी नखरे करते. ओसरीवरची चूल परवा मोडली. पाऊस आला की विझायची, आणि रोज दोन चुली सारवायला या वयात कुणाला होतंय. कढई आत नेली. सासूबाईंचा फोटो आहे त्याच भिंतीला टांगली आहे. जुनमाया बघून गेली, चहा पिऊन गेली. आत बसून.

तेव्हा बावीस तारखेच्या संध्याकाळचं आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणाला विचारायला नको. सुयोगला जाउलो, तूप घालून, थुंकलं तर थुंकू दे. आयुष्माला अंडं, पूर्ण एक, आता मला वेळ कळली आहे. तुला भात, गुन्द्रुक, मुळ्याचं लोणचं. आणि त्या दिवशी संध्याकाळी मीही जेवेन.

तुझी आमा,
हरिकला